कचरा वेगळा करून काय होते?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, दवाखाना बंद करण्याच्या वेळेस एक बाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास, उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. आमच्या गावची घंटागाडी जिथे रिकामी होते, त्या डेपोवर त्या भंगार वेचतात. पिशवी फोडताना बोटात काही तरी घुसले, त्याला दोन दिवस झाले होते. "धनुर्वाताचं इंजेक्शन द्या डॉक्टर, म्हंजे मी मोकळी," असे त्यांचे म्हणणे. काय घुसले, असे विचारल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली आणि कागदात गुंडाळलेली एक सिरिंज टेबलावर ठेवली. टोपण नव्हते. नळीवर ४० पर्यंतचे आकडे छापलेले. म्हणजे इन्सुलिनची.

धनुर्वाताचे इंजेक्शन तर दिलेच. पण खरी काळजी त्याची नव्हती. वापरलेल्या सुईतून प्रामुख्याने तीन विषाणू शरीरात जाऊ शकतात : कावीळ 'ब'चा, कावीळ 'सी'चा आणि एच.आय.व्ही. लोक घाबरतात ते एच.आय.व्ही.ला. प्रत्यक्षात बाधित रुग्णाची ताजी सुई टोचली तरी त्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, आणि कचऱ्यात पडून राहिलेल्या सुईपासून ती त्याहूनही पुष्कळ कमी. कावीळ 'ब'चे मात्र तसे नाही. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत जणांना लागण होऊ शकते. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. आपल्याकडे बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस देशभर आली ती २०११ च्या सुमारास. त्यामुळे आज चाळिशीत असलेल्या बहुतेकांनी ती घेतलेली नाही. या बाईंनीही नव्हती.

एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती द्यायची की नाही, हे तेथील डॉक्टरांनी ठरवावे म्हणून मी चिठ्ठी लिहून त्यांना जिल्हा रुग्णालयात जायला सांगितले. "उद्याचा रोज बुडंल की," त्या म्हणाल्या. "ताई, बुडू दे," असे मी म्हणालो खरा. पण दुसऱ्याचा रोज बुडवणे आपल्याला किती सोपे असते!

त्या गेल्यावर मी टेबलावरच्या सिरिंजकडे बराच वेळ पाहत बसलो. इन्सुलिन घेणारे चाळीसएक रुग्ण माझ्याकडे आहेत. प्रत्येकाला मी स्वतः शिकवले आहे. पोटावर कुठे टोचायचे, जागा रोज कशी बदलायची, फ्रिज नसेल तर बाटली मातीच्या भांड्यात गारव्याला कशी ठेवायची, सारे सांगितले. टोचून झाल्यावर सुईचे काय करायचे, हे मात्र इतक्या वर्षांत एकालाही सांगितलेले नाही. ती सुई माझ्याच एखाद्या रुग्णाची असेल किंवा नसेल. गाव लहान आहे.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी साखर तपासायला आले. त्यांना विचारले, "गुरुजी, सुया कुठे टाकता?"

"घंटागाडीत. आणखी कुठे?"

"ओल्यात की सुक्यात?"

"पिशवीला गाठ मारून देतो, डॉक्टर. ओले-सुके कोण बघतो? आपण वेगळे करायचे आणि त्यांनी एकत्र ओतायचे."

वाचकहो, हे वाक्य आपणही कधी ना कधी उच्चारले असेल. मीही उच्चारले आहे. आमच्या घरी सौ. दोन बादल्या ठेवीत असत. एके दिवशी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की गाडीवरच्या मुलाने दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उपड्या केल्या. त्यावर मी घरात छोटेसे भाषण ठोकले आणि एक बादली न्हाणीघरात गेली. ती पुढे दोन वर्षे तिथेच होती. सौ.ना ते पटले नव्हते, हे नमूद करायला हवे.

तेव्हा आता सरळ प्रश्न घेऊ. घरातला कचरा वेगळा करण्याच्या या खटाटोपातून काही निष्पन्न होते का?

मोठमोठ्या घोषणांवर माझा फारसा विश्वास नाही. प्लास्टिकचेच घ्या. जगात २०१५ पर्यंत जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातले शेकडा नऊच्या आसपासच पुन्हा वापरात आले, असा हिशेब तीन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडला. उरलेले थोडे जाळले गेले. बाकीचे, म्हणजे शेकडा ७९ च्या घरात, जमिनीत किंवा उघड्यावर पडले. वेफर्सची, शांपूची, गुटख्याची पुडी (गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण पुड्यांच्या ते कानावर गेलेले दिसत नाही) ही अनेक पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेली असते. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. ती पुडी आपण घरी धुऊन, वाळवून, घडी करून ठेवली तरी तिला गिऱ्हाईक नाही. त्या कामात वेळ घालवू नये.

पण सगळ्याच कचऱ्याची ही कथा नाही. ॲल्युमिनियमचे भांडे पुन्हा वितळवून नवे करायला, खनिजापासून ते करण्याच्या मानाने शेकडा पाच एवढीच ऊर्जा लागते. काच कितीही वेळा वितळवता येते. कागदाचा धागा दर खेपेला आखूड होत जातो, तरी पाच-सहा वेळा तो उपयोगी पडतो. आणि हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवलेले नाही. रद्दी तागडीवर घालणे, जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडे घेणे, औषधाच्या बाटल्या धुऊन ठेवणे हे आपल्या आयांनी जन्मभर केले. ज्याला किंमत आहे ते आपल्या देशात सहसा वाया जात नाही. कोणी ना कोणी ते उचलतेच.

माझा मुद्दा इथेच आहे. ते उचलणारे हात आहेत. आपण वेगळे केले नाही, तरी वेगळे करण्याचे काम काही टळत नाही. ते फक्त आपल्या ओट्यावरून डेपोवर जाते. आपल्या घरात, उजेडात, स्वच्छ हातांनी दोन मिनिटांत जे झाले असते, तेच तिथे एक बाई उन्हात, उघड्या हातांनी, आंबलेल्या आमटीत कोपरापर्यंत हात घालून करते. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला तिला भावही निम्मा मिळतो. गाठ मारलेली पिशवी तिला फाडावीच लागते, आणि आत फुटका ग्लास आहे, दाढीचे पाते आहे की सुई, हे तिला बाहेरून दिसत नाही. "तरी ते एकत्रच ओततात" या तक्रारीत तथ्य आहे. पण सुकी पिशवी सुकी असली, तर एकाच गाडीत पडूनही ती निदान पिशवी म्हणून उचलता येते.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये आपली संघटना उभी केली. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा दारातून गोळा करायला घेतला. दारात उभे राहून, वेगळा केलेला कचरा हातात घेणे आणि डेपोवर उकरणे यांत केवढा फरक आहे, हे कोणा तज्ज्ञाने सांगायला नको. आणि हे मोठ्या शहरांचेच लाड, असेही समजू नये. कोकणातल्या वेंगुर्ल्याचा कचरा डेपो लोक तिकीट काढून पाहायला जाऊ लागले, ते तिथे घरोघरी कचरा वेगळा होऊ लागल्यामुळेच. वेंगुर्ले काही मुंबई नव्हे.

वैद्यकीय दृष्टीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली जाळण्याची. आपल्या भागात अजून कित्येक घरांत पाणी बंबात तापते, आणि बंब पेटवायला दुधाच्या पिशवीसारखे दुसरे काही नाही, अशी बायकांची खात्री असते. माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा दम्यासाठी येई. रोज सकाळी सातच्या सुमारास खोकल्याची उबळ. औषध बदलून पाहिले, पंप घेण्याची पद्धत तपासली. शेवटी आईला सकाळचा सगळा क्रम विचारला, तेव्हा कळले की न्हाणीघराच्या दाराशी बसून तो बंबापुढे शेकत असे आणि बंबात रोज पिशव्या, चपलांचे तुकडे, वायरची सालपटे जात. साध्या जाळात प्लास्टिक पुरते जळत नाही. बारीक काजळी छातीत उतरते. वायरच्या आवरणासारख्या पी.व्ही.सी.तून आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. बंबात फक्त लाकूड आणि गोवऱ्या जाऊ लागल्या, त्याची बसायची जागा बदलली, तेव्हा सकाळची उबळ कमी झाली. दमा गेला, असे मी म्हणणार नाही. पंप चालू आहे. गावाबाहेरचा डेपो उन्हाळ्यात आठ-आठ दिवस धुमसतो, तेव्हा हाच धूर साऱ्या गावाच्या वाट्याला येतो. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. डेपोत ओला कचरा दाबून पडला, की हवेवाचून कुजून त्यातून मिथेन निघतो. हा वायू पेट घेणारा. ओले वेगळे निघाले, तर हे इंधनच कमी होते.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. परसात पडलेली करवंटी, चहाचा कप, जुना टायर त्याला पुरतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने चिकटून राहतात आणि पहिल्या पावसात उबतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून परसातला असला सुका कचरा आठवड्याला निघालाच पाहिजे.

कचरा आणि रोगराई यांचे नाते मी पुस्तकात वाचले नाही. १९९४ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या मामल्याच्या आणि मागोमाग सुरतेच्या प्लेगच्या बातम्या आल्या, तेव्हा मी नुकताच डॉक्टर होऊन इंटर्नशिप करीत होतो. सुरत सोडून माणसे लाखांनी पळाली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच सुरतेने आपला कचरा असा उचलला, की स्वच्छ शहरांत तिचे नाव घेऊ लागले. प्लेग येईपर्यंत थांबण्याची गरज होती का, हा प्रश्न तेव्हाही पडला होता.

आता आमच्या घरी पुन्हा दोन बादल्या आहेत. ओल्याचे खत मी गच्चीवर करतो. पहिला प्रयोग सपशेल फसला. अळ्या झाल्या, वास सुटला आणि सौ.नी टोपली खाली पाठवली. मी नुसतेच ओले टाकत होतो. दर थरावर मूठ-दोन मूठ वाळका पाला घातला की वास येत नाही, हे नंतर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी शिकवले. नगरपालिकेलाही माझे सांगणे आहे : लोकांना दोन बादल्या सांगायच्या, तर गाडीला दोन कप्पे हवेत आणि गाडीवरच्या मुलाच्या हातात मोजे हवेत. २००० सालच्या नियमांतही कचरा वेगळा करण्याचे लिहिलेले होतेच. २०१६ च्या नियमांनी ते घरोघरीचे कर्तव्य केले आणि ओला, सुका व घातक असे तीन भाग सांगितले. या तिसऱ्याकडे आपले लक्षच नसते. फुटकी काच आणि पाती जाड कागदात गुंडाळून वर लिहून द्यावीत. सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला ते उघडून पाहावे लागत नाही.

आणि सुया. फिनेलची रिकामी जाड बाटली धुऊन घ्यावी. टोचून झाले की सिरिंज सुईसकट लगेच आत टाकून झाकण फिरवावे. तोंड रुंद नसेल तर जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा चालेल. पाण्याची पातळ बाटली नको. सुई ती भेदून बाहेर येते. पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून टाकावी. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नये.

जिल्हा रुग्णालयात त्या बाईंचे पहिले रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. पुढच्या तपासण्या बाकी आहेत. कावीळ 'ब'च्या लशीचा दुसरा डोस परवा झाला, तिसरा सहाव्या महिन्यात. गुरुजींनी आपली पहिली बाटली गेल्या आठवड्यात आणून दिली. वर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : "आत सुया आहेत. उघडू नये." दवाखान्यांचा कचरा नेणारी वेगळी गाडी माझ्याकडे येते, तिच्यात मी ती दिली. गावातल्या इतर इन्सुलिन घेणाऱ्यांनीही, ते माझे रुग्ण असोत वा नसोत, आपल्या बाटल्या सकाळी दहा ते एक या वेळात दवाखान्यात आणून द्याव्यात. रविवारी बंद असतो. पैसे पडणार नाहीत.