समोशाला फलक, खर्ऱ्याला काय?

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्सचं नाव दोन दिवस देशभर गाजलं. मिहानमधल्या या रुग्णालयाच्या उपाहारगृहात समोसा, जिलेबी, वडापाव यांच्याजवळ तेल-साखरेचा हिशेब सांगणारे फलक लागणार, अशी बातमी आली आणि पाहता पाहता तिचं 'समोशावर सिगारेटसारखा इशारा' झालं. केंद्रीय आरोग्य खात्याच्या जूनमधल्या मूळ पत्रात कार्यालयांनी आणि संस्थांनी असे फलक लावावेत, अशी सूचना होती. पण थट्टेला ऊत आला. आपल्या खाण्यावरच हा घाला आहे, असंही कुणी म्हटलं. शेवटी विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायला कुणीही सांगितलेलं नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला आणि विषय तिथंच मिटला.

तो मिटायला नको होता. फलक लावणं योग्यच आहे. आपण काय खातो हे माणसाला खाण्याआधी कळावं, यात कुणाच्या संस्कृतीचा अपमान होत नाही. पण नागपूरच्या माणसाच्या रक्तवाहिन्या कशानं कडक आणि अरुंद होतात, हा प्रश्न समोशापाशी थांबत नाही. तो पुढं नेण्याची संधी त्या दोन दिवसांत आली होती, ती वाया गेली.

रक्तवाहिन्यांचा हा आजार म्हातारपणी उपटत नाही. आधी वाहिनीचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं, वाढलेल्या रक्तदाबानं, तंबाखूनं किंवा रक्तातल्या जादा साखरेनं. दुखावलेल्या जागी एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, त्याला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीनं फुगून तिथंच अडकतात, थरावर थर चढतो, पुढं त्यात कॅल्शियम साठतं. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं २२ आणि तीनचतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांत या आजाराच्या खुणा सापडल्या होत्या. म्हणजे चाळिशीनंतर 'जरा जपून' म्हणणारे आपण वीस वर्षं उशिरा जागे होतो.

आणि त्या वीस वर्षांत नागपुरात, सगळ्या विदर्भातच, तोंडात काय असतं? खर्रा. पानठेल्यावर उभं राहून एकदा नीट पाहावं. पन्नीच्या तुकड्यावर सुपारीचा चुरा पडतो, त्यावर तंबाखू, मग चुना आणि पाण्याचे दोन थेंब. पन्नी मिटून ठेलेवाला ती तळहाताखाली जोर लावून घोटतो, सगळं एकजीव होईपर्यंत. मग गाठ मारून पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. कॉलेजातली पोरं घेतात, ऑटोवाले घेतात, साहेबलोक घेतात, बायाही खातात. रुग्णाला भेटायला आलेल्या नातेवाइकाच्या खिशातही ती पुडी असते. एकमेकांपुढं खर्रा धरणं ही इथं ओळख वाढवायची रीत झाली आहे.

तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून चित्रमय इशाऱ्यानं व्यापलेला असतो. खर्ऱ्याची पन्नी मात्र कोरी. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, पुढं सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही बंदी आली, तरी घोटणारे हात थांबले नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळजवळ एक जण बिनधुराची तंबाखू वापरणारा निघाला. धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आत होते. आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न म्हणजे मुख्यतः चघळण्याचा प्रश्न आहे.

खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर होतो हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. हृदयाचं कुणी बोलत नाही. चुन्यामुळं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून अधिकच चटकन रक्तात उतरतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, आणि तोबरा तासन्‌तास तोंडात राहिला की हा मारा दिवसभर चालतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याची शक्यता तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसली. 'मी सिगारेट ओढत नाही' हे डॉक्टरांपुढं अभिमानानं सांगणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. आणि डॉक्टरांनीही 'सिगारेट ओढता का' एवढंच न विचारता 'खर्रा किती खाता' असं थेट विचारावं.

त्याच अभ्यासाचे इतर निष्कर्ष आपल्यासाठी जास्त बोचरे आहेत. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाचसहा वर्षं आधी येतो. धूम्रपान, मधुमेह आणि उच्च रक्तदाब एकाच माणसात जमले तर धोका तिप्पट होऊन थांबत नाही, तो सुमारे १३ पट होतो. सुटलेलं पोट, बैठं काम, मनावरचा ताण, ताटात भाजी-फळांचा अभाव यांची भर वेगळीच. सावजी रश्श्यावर तेलाचा तवंग असतो म्हणून त्या रश्श्याला दोष देण्यापूर्वी हे आठवावं, की तो हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक होता, दिवसभर मागावर हातपाय चालवणाऱ्यांचा. तवंग राहिला, माग गेला. आता तोच रस्सा खाऊन आपण गाडीवर बसतो.

या सगळ्या धोक्यांतला सर्वांत फसवा घटक म्हणजे रक्तदाब, कारण तो दुखत नाही. १५०-१६० वर वर्षानुवर्षं वावरणारा माणूस स्वतःला ठणठणीत समजतो. गोळी लागली तरी महिनाभरात बरं वाटतंय म्हणून सोडून देतो. यावर उपाय शोधायला लांब जायला नको. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपले शेजारी वर्धा आणि भंडारा होते. ठरलेली मोजकी स्वस्त औषधं, एकदम महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येकाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा, अशी ती साधी पद्धत. हीच शिस्त नागपूरच्या वस्तीवस्तीत हवी. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या रांगेत माणूस पोचतो तोवर बहुतेक वेळा वाहिनीचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

एक मागणी तर उद्याही मान्य करता येईल. जिथं जिथं तेल-साखरेचा फलक लागेल तिथं शेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवा आणि ते वापरायला माणूसही नेमा. महापालिकेनं आणि अन्न व औषध प्रशासनानं निदान शाळा-कॉलेजांच्या आसपासचा खर्रा आधी हटवावा. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहेच, नवा नियम करायची गरज नाही. आणि ज्याच्या वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत झटका आला असेल, त्या घरातल्या पोरानं-पोरीनं चाळिशीची वाट पाहू नये. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली सांगितलं आहे, की कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, आणि घरात असा इतिहास असेल तर त्याच्याही आधी.