वजनकाट्यावर बाद

शनिवारी सकाळी दिवा-रोहा मेमू पकडायची, पेणला उतरायचं, आईच्या हातचं खायचं, लोळायचं आणि रविवारी रात्री परत ऐरोलीला कोड बडवायला हजर. गेली तीन-चार वर्षं हेच चाललंय. मागच्या काही महिन्यांत त्यात एक भर पडलीय. रविवारी सकाळी सहा वाजता मी मैदानावर असतो. खेळायला नाही हो, खेळवायला! आणि खेळवतो कुणाला? तर ज्यांना कुणी संघात घेत नाही अशा जाड्या, थोराड, धिप्पाड पोरांना. खेळ अर्थातच कबड्डी. रायगडात दुसरं काय असणार?

सुरुवात भाच्यापासून झाली. ताई रोह्याला असते. तिचा मुलगा तेरा वर्षांचा, वजन ६६ किलो. दिवाळीत घरी आला तो पूर्ण वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून. मी आपला नेहमीचा मामागिरीचा डायलॉग मारला, "अरे, जरा बाहेर जाऊन खेळ की." तर मान वर न करता म्हणाला, "मामा, ते मला घेत नाहीत. बघायला बसवतात."

साला, पंधरा वर्षं मागे गेलो एकदम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कबड्डीत नुसतं वय चालत नाही, वजनही लागतं. किशोर गट म्हणजे १६ वर्षांपर्यंत आणि ५५ किलोपर्यंत. कुमार गट म्हणजे २० वर्षांपर्यंत आणि ७० किलोपर्यंत, असा हिशोब वर्षानुवर्षं चालत आलाय. आकडे अधूनमधून थोडे सरकतात, तत्त्व तेच. पुरुषांनाही ८५ किलोची मर्यादा आहेच.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. खारेपाटातल्या एका गावात स्पर्धा होती. मला कोपरा सांभाळायचा होता, महिनाभर सराव केला होता. आदल्या रात्री जेवलो नाही, सकाळी पाणीही प्यायलो नाही, रेनकोट घालून पळलो. (असं करून वजन उतरतं, हे आम्हाला मोठ्या मुलांनी शिकवलेलं. कृपया कुणीही करू नये.) वजनकाटा स्टेजच्या शेजारी आणि माइक चालू. एका काकांनी आकडा वाचला, "एकाहत्तर पूर्णांक चार!" आणि वर पुष्टी जोडली, "ह्याला दोन संघात वाटून द्या रे." सगळं मैदान हसलं. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला? त्यानंतर मी कबड्डी खेळलो नाही. बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, सगळं रीतसर झालं. पण कुठेही लाइट लावून सामने चालू असले की मी आजही दोन मिनिटं थांबतो आणि मग निघून जातो.

आता मुद्द्यावर येतो. वजनाची अट चूक आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. चाळीस किलोच्या पोराला सत्तर किलोच्या पोरानं कव्हरमधून धडक दिली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर नको. माझी तक्रार वेगळी आहे. आपण अट ठेवली, पण अटीच्या पलीकडे उभ्या असलेल्या पोरासाठी काहीच ठेवलं नाही. दार लावलं ते ठीक, दुसरं दार कुठाय? कुस्तीत असं होत नाही. तिथं वजन वाढलं की पोरगा वरच्या गटात जातो. आमच्याकडे वजन वाढलं की पोरगा घरी जातो.

आणि हा प्रश्न फक्त जाड्यांचा आहे असंही समजू नका. साधं गणित करा. पंधरा वर्षांचा, पावणेसहा फुटांच्या आसपास म्हणजे १७५ सेंटीमीटर उंचीचा मुलगा घ्या. त्याला ५५ किलोत बसवायचं तर त्याचा बीएमआय येतो १८ च्या जरासा खाली. मोठ्या माणसांच्या मापात १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन! म्हणजे उंच, धडधाकट पोरानं किशोर गटात खेळायचं तर काडी पैलवान राहिलं पाहिजे. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुटलाच फिल्टर लावायचा आणि मग आउटपुटला डेटा येत नाही म्हणून बोंबलायचं. कारण पुढे पुरुषांच्या संघाला ऐंशी किलोचा दणकट कोपरारक्षक हवाच असतो. तो काय आकाशातून पडणार आहे? १९९० पासून आशियाई स्पर्धांत सलग सात सुवर्णपदकं घेणाऱ्या आपल्या पुरुषांना २०१८ साली जकार्तात उपांत्य फेरीत इराणनं २७-१८ असं हरवलं, तो सामना आठवतोय? त्यांच्या पकडींत नुसतं कसब नव्हतं, अंगही होतं. २०२३ मध्ये हांगझोउला आपण सुवर्ण परत आणलं, पण तो धडा विसरायला नको.

बाहेर काय करतात ते बघू. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे तो हेल्मेटवाला. तिथं मुलांसाठीची पॉप वॉर्नर ही संस्था १९२९ पासून आहे आणि तिनंही अनेक दशकं वय आणि वजन यांचा जोडतक्ता वापरला. म्हणजे रडगाणं तिथंही हेच होतं. पण तिकडच्या बऱ्याच लीगनी एक शक्कल काढली. ठरावीक वजनाच्या वरच्या मुलाच्या हेल्मेटवर पट्टी चिकटवायची. तो खेळणार, फक्त चेंडू घेऊन पळणार नाही. पुढच्या फळीत राहून अडवणार. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मुलांच्या रग्बीत वजनमर्यादेचे गट असतात आणि त्यांच्या शेजारीच खुले गटही असतात. म्हणजे लहान चणीचा मुलगाही सुरक्षित आणि मोठ्यालाही जागा. इतकं साधं आहे हे.

मग आपल्याकडे अडतं कुठे? पैशावर नाही. कबड्डीला लागतं काय, माती आणि चुना! अडतं ते गावावर. आपली मंडळं गावाची असतात, संघ गावाचा असतो. एका गावात असे थोराड पोरगे किती असणार? एक, फार तर दोन. दोघांचा संघ होत नाही, म्हणून ते कायम बघायला बसतात. सगळे एकत्र आणले तर संघ होतो, पण शेजारच्या गावाच्या पोरांबरोबर एका बाजूनं खेळायचं हे आमच्या रक्तातच नाही. मागच्या होळीला ज्यांच्याशी मारामारी झाली त्यांच्याच हाताची साखळी धरायची? छ्या!

म्हणून आम्ही दोन तालुके एकत्र केले. रोह्याचा माझा एक मित्र धाटावच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो तिकडची पोरं बघतो, मी पेणची. एक रविवार पेणला, एक रविवार रोह्याला. पोरं मेमूनं नाहीतर एसटीनं येतात. सध्या अकरा आहेत. नियम थोडेच. सात-सात होत नाहीत, म्हणून पाच-पाच खेळायचं आणि अकरावा पंच, आळीपाळीनं. जोड्या वजनावर लावायच्या. माती आधी खणून, पाणी मारून मऊ करायची, कारण जड शरीर पडतं तेव्हा गुडघा आधी बोलतो. पहिला महिना घोट्यात सूर मारायचा नाही. आधी डॉक्टरांना दाखवून यायचं. कुणी उपाशी आलेला दिसला तर त्याला आधी केळं, मग खेळ. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, वजन बंद खोलीत करायचं. आकडा फक्त त्याला आणि मला.

वजन कमी करा असं आम्ही एकदाही म्हणत नाही. ते पोरांना घरी, शाळेत, लग्नात, सगळीकडे फुकट ऐकायला मिळतं. आमच्याकडे ते खेळायला येतात. पळाल्यावर वजनाचं जे व्हायचं ते होईल.

"मुलींचं काय?" असं ताईनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. लाज वाटते, पण खरं ते सांगितलं.

माझी मागणी एवढीच आहे. येत्या हंगामात आमच्या भागातल्या प्रत्येक मंडळानं आपल्या स्पर्धेत एक सामना वजनाच्या वर गेलेल्या किशोरांचा ठेवावा. ट्रॉफी नको, बक्षीस नको. रात्री आठ वाजता, लाइटखाली, मैदान भरलेलं असताना, एकच सामना. आणि वजनाचा आकडा माइकवर वाचू नये. दोन मंडळांशी बोललो. एक "नाही" म्हणालं, दुसरं "बघू" म्हणालं. आमच्याकडे "बघू"चा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. तरी पण "बघू" म्हणजे "नाही" नव्हे, असं धरून मी दर शनिवारी त्यांच्या दारात चहाला जातोय.

तुम्हीही वीकेंडला गावी जात असाल. तुमच्या गावच्या मैदानाच्या कडेला, चपला सांभाळत बसलेलं एक मोठं पोरगं असेल. त्याला एकदा नाव विचारा. वजन नको.

भाच्याचं म्हणाल तर, गेल्या रविवारी त्यानं पहिली पकड केली. चढाईवाला मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर होता, ह्यानं मागून कंबर धरली आणि नुसता बसला. उठवेना कुणाला! संध्याकाळी ताईचा फोन आला. पोरगा आठ वाजताच झोपला म्हणे, मोबाईल चार्जिंगला तसाच.

असो. मेमूची वेळ झाली.