लोभ कुणाचा, लाज कुणाला?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुमसरला आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक भरली होती. हप्ते गोळा होत होते, वहीत सह्या चालल्या होत्या. एक बाई मात्र मागे भिंतीला टेकून बसलेली. दोन महिने तिचा हप्ता आला नव्हता. कुणीतरी सहज विचारलं, "काय गं, पैसे कुठे अडले?" आणि ती एकदम रडायलाच लागली.

तिच्या आईने लग्नात दिलेले दोन पितळी गुंड आणि एक मोठी परात तिच्या घरी होती. आपल्या भंडारा जिल्ह्याचं पितळ म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. ठोक्याचं काम, जड, आता तसं कुणी करत नाही. थोरल्या मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून पैसे हवे होते. भांड्यांच्या दुकानात विचारलं तर मोडीचा भाव सांगितला. वजन करायचं, त्यातून घट कापायची आणि उरलेलं हातावर ठेवायचं. भाच्याने सांगितलं, "मावशी, शहरातले लोक अशी भांडी शोभेला घेतात, मोबाईलवर फोटो टाकू." फोटो टाकले. तासाभरात फोन आला.

समोरचा माणूस म्हणाला, मी फौजेत आहे, कामठीला पोस्टिंग आहे, घरी बायकोला द्यायला पाहिजे. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं. कामठीला छावणी आहे हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल, त्यामुळे विश्वास बसला. हिंदीत बोलत होता, पण आपलं गाव बालाघाटच्या वाटेवरचं, इथे हिंदी बोलणारा कुणाला परका वाटत नाही. भाव केला नाही. "दीदी, फौजेचा हिशेब वेगळा असतो, मी एक कोड पाठवतो, तो स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." आधी पाच रुपयांचा कोड पाठवला. तिचे पाच गेले आणि दहा परत आले. मग नऊ हजारांचा. पैसे गेले, आले नाहीत. "चुकून उलटं झालं, परत स्कॅन करा, दोन्ही मिळून येतील." असं तीन वेळा. सत्तावीस हजार. ते तिचे नव्हतेच, गटातून मुलीच्या प्रवेशासाठी उचललेलं कर्ज खात्यावर पडून होतं.

हे तिने अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला कळलं ते बँकेच्या मेसेजवरून, कारण खातं तिच्या नावाचं पण बँकेत दिलेला नंबर त्याचा. त्याने काय केलं? फोन काढून घेतला. आजही तिच्याकडे फोन नाही. भाच्याला मात्र कुणी काही बोललं नाही, आणि बोलावं असंही माझं म्हणणं नाही.

ही गोष्ट ऐकून बैठकीत जे पहिलं वाक्य आलं ते असं: "बाई, इतका लोभ बरा नाही." मला राहवलं नाही. मोडीपेक्षा चार पैसे जास्त मागणं हा लोभ? धानाला हमीभाव मागणारा शेतकरी लोभी म्हणायचा का? बाईने स्वतःच्या वस्तूची वाजवी किंमत मागितली की तिला लोभी म्हणायचं, आणि फसली की भोळी म्हणायचं. दोन्हीकडून तीच.

जुन्या बायकांना आठवत असेल, दुपारच्या वेळी, गडीमाणसं शेतावर गेलेली पाहून, दागिने पॉलिश करून देणारे दारात यायचे. आधी पितळेचं भांडं चकचकीत करून दाखवायचे, मग चांदीचे जोडवे, मग हळूच गळ्यातलं मागायचे. हळदीच्या पाण्याच्या डब्यात टाकून "अर्ध्या तासाने उघडा" सांगून पसार. पाच रुपयांचे दहा करून दाखवणारा हा फौजी त्याचाच भाऊ. आधी छोटा विश्वास, मग मोठी चोरी. आणि तेव्हाही घरात मार कुणी खाल्ला होता?

फसतात त्या फक्त आपल्यासारख्या खेड्यापाड्यातल्या, कमी शिकलेल्या, असंही कुणी समजू नये. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा विकायला काढला होता. तिलाही असाच कोड पाठवला गेला आणि ३४ हजार रुपये गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुनी नाणी आणि नोटा विकत घेण्याच्या नावाखाली आमचं नाव वापरून लोकांकडून कमिशन आणि कर मागितला जातोय, असं कुठलंही काम आम्ही कुणाला दिलेलं नाही. देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलेलं जुनं नाणं लाखाला जाईल म्हणून आधी हजार रुपये 'फी' भरणाऱ्या बायका आपल्याही ओळखीत निघतील.

आता यातलं यंत्र नीट समजून घेऊ, कारण ते फार अवघड नाही. मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली आली. त्यात पिन टाकायचा तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. किराणा दुकानात आपण कोड स्कॅन करतो तेव्हा पैसे कुणाचे जातात? आपले. मग विकणारीने स्कॅन का करायचं? एवढा एक प्रश्न त्या क्षणी सुचला असता तर सत्तावीस हजार वाचले असते. पण सुचू नये म्हणून तर तो माणूस घाई करत असतो, फोन ठेवू देत नाही.

पूर्वी समोरचा माणूस थेट आपल्या फोनवर 'पैसे मागणारी' विनंती पाठवायचा आणि लोक ती पैसे येतायत असं समजून मंजूर करायचे. फसवणूक फार झाली म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने व्यक्तीने व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. चांगलं झालं. पण कोड राहिलेच. शिवाय पैसे भरल्याचा खोटा फोटो पाठवणं, बँकेच्या मेसेजसारखा मेसेज आपल्या साध्या नंबरवरून पाठवणं, "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" म्हणणं, मदतीच्या नावाने तुमच्या फोनचा पडदा तिकडे दिसेल असं अॅप घ्यायला लावणं, हे सगळं चालूच आहे. मेसेजवर विश्वास ठेवू नये. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये जाऊन, नाहीतर बँकेत पासबुक भरून, शिल्लक वाढली का ते स्वतः पाहावं आणि मगच वस्तू हातातून सोडावी. समोरचा कितीही रागावो.

आणखी एक, जे फार जणींना माहीत नसतं. पैसे खरेच आले तरी ते कुणाच्या नावाने आले हे बघा. घेणारा एक आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यातून, असं असेल तर ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून आणलेले असू शकतात. त्या माणसाने तक्रार केली की पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी पूर्ण खातं, गोठवते. वस्तूही गेली, पैसेही अडकले. सोनं विकताना हा धोका जास्त, कारण चोराला सोनंच हवं असतं. माझं मत विचाराल तर दागिन्यांचा फोटो मोबाईलवर टाकूच नये. ओळखीच्या दोन सराफांकडे वजन करून, पक्की पावती घेऊन विकावं. पितळ, शिलाई मशीन, सायकल यांचं वेगळं. घेणाऱ्याला दिवसाढवळ्या बाजारात बोलवा, घरी नको, आणि एकटीने जाऊ नका.

फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर आहे. लगेच फोन करायचा. लगेच म्हणजे त्याच तासात, उद्या नवरा कामावर गेल्यावर नव्हे. पैसे चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात आणि तिथून एटीएममध्ये पोचायच्या आत अडवता येतात, नंतर नाही. अकरा दिवस गप्प राहण्याची किंमत हीच आहे. पण ती गप्प का राहिली? कारण तिला चोरापेक्षा घरची भीती जास्त होती. या भीतीचा फायदा चोराला पुरेपूर मिळतो. सरकारच्या जाहिरातीत "सावध राहा" एवढंच असतं, "घरात सांगणाऱ्या बाईला छळू नका" असं एकदाही वाचल्याचं मला आठवत नाही.

तिला घेऊन आम्ही एका पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न: "विकायला काढलं ते नवऱ्याला विचारून का?" गुंड तिच्या आईने दिलेले. ते स्त्रीधन आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईची, आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की नवऱ्याचा त्यावर ताबा नाही. एवढ्या वर्षांत तो निकाल ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचलेला नाही! मग "सायबरचं आहे, जिल्ह्याला जा" हे ऐकलं. एका दिवसाची मजुरी बुडवून भंडाऱ्याला जायचं आणि तिथून परत पाठवलं तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवता येतो. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही हे खरं, पण म्हणून तक्रारच घ्यायची नाही असं कुठे लिहिलंय? आम्ही कलमाचा आकडा कागदावर लिहून नेला होता. तो पुढे केल्यावर खुर्ची मिळाली आणि तक्रार लिहून घेतली गेली.

पैसे मिळालेले नाहीत. मिळतील असं मी तिला खोटं सांगितलेलं नाही. गटाने तिचा हप्ता सहा महिने पुढे ढकलला, त्यावरही वाद झाला, दोघी गट सोडायला निघाल्या होत्या.

बायकांनी मोबाईलवर व्यवहार करूच नये, असं आता काही कार्यकर्त्या मैत्रिणीही म्हणू लागल्या आहेत. मला ते मान्य नाही. २०१४ मध्ये जनधनने आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेने कितीतरी जणींना खात्यापर्यंत आणलं. खातं आलं, पण नंबर त्याचा, पिन मुलाला पाठ, फोन सासूच्या खोलीत. अशा वेळी फोन काढून घेणं ही शिक्षा चोराला नाही, तिला होते. मुलीच्या कॉलेजचा निरोप, गटाची खबर, माहेरचा आवाज, सगळं त्या एका फोनवर होतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पासबुक आणायचं ठरलंय. बँकेत कुणाचा नंबर दिलाय ते बघायचं, दुसऱ्याचा असेल तर बदलायचा अर्ज तिथेच भरायचा. निम्म्या जणींना आपल्या खात्याला कुठला नंबर जोडलाय हे सांगता आलं नाही. तिचे गुंड आणि परात अजून तिच्याकडेच आहेत. गटातल्या एकीच्या नागपूरच्या बहिणीने बघायचे म्हणून निरोप पाठवलाय. ती येईल तेव्हा आम्ही पाचजणी जाऊन बसणार आहोत, आणि पैसे रोख मोजून घेणार आहोत.