लाल ज्वारी पुन्हा दारात

नायगाव म्हटलं की चळवळीतल्या मैत्रिणींना सावित्रीबाईंचं नायगाव आठवतं. ते सातारा जिल्ह्यातलं. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं, नांदेडहून देगलूरकडे आणि पुढे हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं. इथे सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा होतो. काढणीच्या दिवसांत बायकांची बैठक रात्री भाकरी-भांडी आटोपल्याशिवाय भरत नाही.

हरभऱ्याच्या काढणीतल्या अशाच एका बैठकीत गटातल्या एका मुलीने वर्तमानपत्र वाचून दाखवलं. फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिका या दोन सरकारांनी व्यापाराबद्दल संयुक्त निवेदन काढलं, त्याची ती बातमी होती. आपल्या मालावर अमेरिकेने लावलेलं शुल्क कमी व्हायचं आणि बदल्यात अमेरिकेच्या मालावरचं आपलं शुल्क कमी करायचं किंवा काढून टाकायचं, अशी बोली. कुठल्या मालावरचं, याची यादी होती. सुकामेवा, फळं, दारू, सोयाबीनचं तेल, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, जनावरांच्या खाद्यासाठी लाल ज्वारी.

कोपऱ्यात पाय पसरून बसलेल्या आजी इथे सरळ झाल्या. म्हणाल्या, "लाल ज्वारी म्हंजे मिलोच की गं! तव्हा आमाला दिली, आता जनावराला देनार म्हना."

हसू आलं सगळ्यांना. पण ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला आहे त्या हसल्या नाहीत. त्या वेळी रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो मिळायची. भाकरी थापायला गेलं की तुटायची, उग्र लागायची. ज्या देशातून ती आली तिथे ती मुख्यतः जनावरांसाठीच पिकवत, हे आमच्या बायांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, रात्री मिलोची भाकरी. अमेरिका नावाच्या देशाशी मराठवाड्यातल्या बाईची ओळख झाली ती अशी, ताटातून.

खरं तर ती त्याआधीच झाली होती. १९५४ साली अमेरिकेने पीएल ४८० हा कायदा केला आणि १९५६ पासून तिथला शिलकी गहू आपल्याकडे येऊ लागला. १९६६ साली देशात बाहेरून सुमारे एक कोटी टन धान्य आलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तेव्हा गव्हाची जहाजं मुद्दाम थोडी थोडी, महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडली. शेतीचं धोरण बदला, लोकसंख्या आवरा, मग पुढचं जहाज. त्याच काळात, १९६५ पासून, आपल्याकडे लूप बसवण्याची मोहीम निघाली. लूपही अमेरिकेतलाच. बसवला किती बायकांना याचे आकडे ठेवले गेले. ज्यांना रक्तस्राव झाला त्यांची विचारपूस मात्र झाली नाही. देशाच्या पोटाला गहू हवा होता आणि त्याच्या किमतीतला एक हिस्सा बाईच्या गर्भाशयातून वसूल झाला, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्या गव्हाबरोबर गाजरगवताचं बी आलं असंही म्हणतात. ते खरं असो-नसो, आमच्या बांधावर आज गाजरगवत आहे, आणि खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या हाताला, मानेला त्याची खाज आहे.

हे सगळं आठवायचं कारण असं, की सध्या शहरात जावं तिथे एकच चर्चा ऐकू येते: अमेरिकेचा जमाना संपला, आता जग बहुध्रुवीय होतंय. चीन आहे, रशिया आहे, ब्राझील आहे, आपणही आहोत. ब्रिक्समध्ये २०२४ साली इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आले. २०२५ साली इंडोनेशिया आला. आपल्यातल्या बऱ्याच मैत्रिणी, आणि विशेषतः डावे मित्र, हे ऐकून खूष होतात. त्यांचा आनंद मला कळतो. नव्वदीच्या दशकात आपण डंकेल प्रस्तावाविरुद्ध घोषणा दिल्या, गॅट-गॅट म्हणून गावोगाव सभा घेतल्या, तेव्हा समोर एकच मोठा दरोडेखोर दिसत होता. तो म्हातारा झाला म्हटल्यावर बरं वाटणारच. तरी एका गोष्टीवर माझं त्यांच्याशी पटत नाही. गावात एकच पाटील होता तेव्हा जाच एकाचा होता. आता चार पाटील झाले म्हणून गाव मोकळं झालं असं होत नाही. चौघांच्या भांडणात बांध कुणाचा तुटतो ते पाहावं लागतं.

सोयाबीनचंच पाहा ना. हे पीकही आपल्याकडे पसरलं ते अमेरिकेच्या हाताने. साठीच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत त्याचे प्रयोग सुरू झाले. मराठवाड्यात ते नंतर आलं आणि ज्वारीला खाऊन बसलं. ज्वारी होती तेव्हा घरात खायला दाणा असायचा, जनावराला कडबा असायचा, पुढच्या पेरणीचं बी बाईच्या हाताने राखेत घोळून ठेवलेलं असायचं. सोयाबीनचं तसं नाही. ते घरात कुणी भाजून खात नाही, कणगीत ठेवत नाही. काढलं की आडतीवर. लातूरच्या बाजारात भाव पुकारला जातो, आणि त्या भावाच्या मागे शिकागो असतं, ब्राझीलचा पाऊस असतो, इंडोनेशियाचं पामतेल असतं. पेरणी, खुरपणी, काढणी बायकांची, काढणी तर बहुतेक गुत्त्यावर. पैसा मात्र ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खिशात.

आता जगातल्या उलथापालथीचा धागा या सोयाबीनपर्यंत कसा येतो ते सांगते. अमेरिकेच्या सोयाबीनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन. २०१८ साली ट्रम्प यांनी चीनशी व्यापारयुद्ध काढलं तेव्हा चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं. कित्येक महिने चीनने अमेरिकेच्या नव्या पिकाला हात लावला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिण कोरियात दोन्ही नेत्यांची भेट झाली तेव्हा कुठे पुन्हा घ्यायचं कबूल केलं. म्हणजे एके काळी जी अमेरिका गव्हाचं जहाज अडवून जगाला वाकवत होती, तिलाच गिऱ्हाइकाने वाकवलं. ही तिची ओहोटी खरीच आहे.

पण मग तो न खपलेला माल कुठे जाणार? सोयाबीन, मका, मक्याचा चोथा यांना नवीन दार हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५, असं ५० टक्के शुल्क लादलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आमच्याकडे पहिली वेचणी निघते नेमक्या त्या दिवसांत. वेचणी तर पुरती बायकांचीच. त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने आमची शेतं पाण्याखाली होती, सोयाबीन काळं पडलं होतं. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. बाजारात भाव त्याच्या बराच खाली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे की दुबळी होत चाललेली महासत्ता कमी भार टाकते असं समजू नये. बरोबरीच्यापुढे तिचं चालेनासं झालं की ती खालच्याकडे वळते. घरात हे आपण रोज पाहतो. बाहेर मार खाऊन आलेला नवरा हात कुणावर उगारतो, हे स्त्री-संघटनेत काम करणाऱ्या बाईला वेगळं समजवायला नको.

आणि दुसरे ध्रुव तरी काय करत आहेत? आपण खातो त्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरचं असतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. मे २०२५च्या अखेरीस सरकारने कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, पेरणीच्या तोंडावर. त्यात अमेरिकेचा संबंध नव्हता. २०२१च्या ऑगस्टमध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, तेव्हा दहा हजारांच्या घरात गेलेला सोयाबीनचा भाव दिवाळीपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. तो निर्णय दिल्लीचा होता. शहरातल्या बाईला तेल स्वस्त हवं, हे मान्यच. तीही आपलीच. पण गावची बाई आणि शहरची बाई यांना एकमेकींच्या विरोधात उभं करून मधला नफा कोण नेतं, हा हिशोब आपण कधी मांडून पाहिला नाही.

भावाच्या पलीकडचंही बोलू. सप्टेंबर १९९५ मध्ये बीजिंगला जागतिक महिला परिषद झाली. आपल्याकडच्याही अनेकजणी तिथे गेल्या. त्याच चीनमध्ये मार्च २०१५ मध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, पाच तरुण कार्यकर्त्यांना पकडून ३७ दिवस कोठडीत ठेवलं. गुन्हा काय, तर बसमध्ये, मेट्रोत होणाऱ्या छेडछाडीविरुद्ध पत्रकं चिकटवायचं ठरवलं होतं. रशियाने २०१७ साली घरातल्या पहिल्या मारहाणीला फौजदारी गुन्ह्यातून वगळलं. इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये तालिबानच्या सरकारला मान्यता देणारा पहिला देश रशिया ठरला. आणि आपण? ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, १० तारखेला अफगाण दूतावासात पत्रकार परिषद झाली, आणि तिथे एकही महिला पत्रकार नव्हती. ओरड झाल्यावर सरकार म्हणालं, आमचा त्यात हात नव्हता. दोन दिवसांनी दुसरी परिषद घेऊन महिलांना बोलावलं. चीन-पाकिस्तानला शह द्यायचा म्हणून काबूलशी मैत्री, हे राजकारण मला समजतं. पण आपल्या राजधानीत, भर दिवसा, बायकांना दाराबाहेर ठेवूनही ते राजकारण अडत नाही, हे विसरता येत नाही.

याचा अर्थ अमेरिकेचं राज्य बरं होतं असा कुणी काढू नये. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये आपल्याच देशातल्या बायकांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. १९८४ पासून तिथे रिपब्लिकन अध्यक्ष आला की नियम येतो, गर्भपाताबद्दल बोलणाऱ्या परदेशी संस्थांना मदत बंद. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा आला. त्याच वर्षी त्यांनी आपली मदतसंस्था, यूएसएड, गुंडाळली आणि आफ्रिकेत एचआयव्हीच्या औषधांसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका तशाच राहिल्या. त्यांनी हात धरला तेव्हा अट घातली, सोडला तेव्हा सांगितलंही नाही.

मग आपण कुणाच्या बाजूने? तरुण मैत्रिणी हा प्रश्न विचारतात आणि मला १९७२च आठवतं. मिलो खाऊन खडी फोडणाऱ्या त्याच बायकांच्या रेट्यातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ला कायदा झाला, १९७९ला अमलात आला. पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून. ना वॉशिंग्टनचा, ना मॉस्कोचा. तेव्हाही जगात दोन ध्रुव होते आणि दोघांनाही खडी फोडणाऱ्या बाईचं नाव माहीत नव्हतं. जमिनीबाबतही तेच. बायकोच्या नावे जमीन करा, ही लक्ष्मीमुक्तीची हाक दिली शरद जोशींनी, ज्यांनी खुल्या बाजाराचं आणि डंकेलचं स्वागत केलं होतं. त्यांच्याशी आपले मतभेद होते, अजून आहेत. सातबारावर बाईचं नाव लावायचं काम मात्र त्यांच्या महिला आघाडीने गावागावात केलं, आणि आपण बराच काळ ठरावच करत बसलो, हे कबूल करायला हवं.

आजही हमीभावाने सोयाबीन घालायचं तर नोंदणीला सातबारा लागतो. बटईने करणारी, नवऱ्याने टाकलेली, आत्महत्येनंतर सासरच्यांनी जमिनीवर नाव लागू न दिलेली, या बायकांचं सोयाबीन हमीभावाच्या काट्यावर चढतच नाही. ५३२८ असो की ६०००, तिला आडत्याचाच भाव. तिच्यासाठी जग एकध्रुवीयच आहे, तो ध्रुव आडतीच्या दुकानात बसतो.

बैठकीत त्या रात्री बरीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, आपण नायगावच्या बाया, ट्रम्पवर बोलून काय होणार. दुसरी म्हणाली, तो आपल्या सोयाबीनवर बोलतो तर आपण का नाही. शेवटी ठरलं की ग्रामसभेआधीच्या महिला सभेत दोन ठराव मांडायचे. पहिला, सातबारा नसला तरी जी कसते तिची पाहणी करून तिच्या नावाने हमीभावाची नोंदणी व्हावी. दुसरा, तेल, पेंड आणि लाल ज्वारी यांच्या आयातीचे करार होण्याआधी त्यांचा मराठी मसुदा ग्रामसभेपुढे यावा. दुसऱ्यावर ग्रामसेवक हसतील, हे आम्हाला माहीत आहे.

सह्या झाल्या. आजींनी अंगठा लावला, शाई पदराला पुसली आणि विचारलं, "हे कागद अमेरिकेला जातंय का दिल्लीला?"

आम्ही सांगितलं, आधी तहसीलला.