बदलून टाका, साहेब!

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये खडा मारला तर तो इंजिनियरला लागतो, आणि इंजिनियर चुकलाच तर मेकॅनिकला. भोसरीपासून चाकणपर्यंत शेडला शेड लागून आहे आणि जिकडे पाहावं तिकडे मोटारीचे भाग. अशा गावात एका गरीब बँक-कारकुनाची मोटार वर्षभर रुसत राहावी आणि ती का रुसते हे एकालाही सांगता येऊ नये, हा योगायोग नव्हे. त्यामागे एक तत्त्वज्ञान आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. ते तीन शब्दांत मावतं : बदलून टाका, साहेब.

मोटार म्हणजे आमची फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, 1986 ची. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी 1974 मध्ये 'पद्मिनी' झाली, पण आमच्या घरात ती फियाटच राहिली. (चित्तोडची राणी कुर्ल्यात आणि राणा प्रतापांचा चेतक आकुर्डीत! मेवाडची एवढी बडदास्त मेवाडातही कुणी ठेवली नसेल.) मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आमची झाली नाही, कारण अण्णा. माझ्या वडिलांनी कारखान्यात पाळ्या करून पैसे साठवले आणि ही घेतली. मी तेव्हा पाळण्यात होतो. दोघांत अधिक लाड कुणाचे झाले, हे विचारू नये.

गेल्या वर्षी अण्णांच्या हौसेखातर गाडीचं डेंटिंग-पेंटिंग केलं. नवरीसारखी दिसू लागली आणि नवरीसारखीच अडून बसू लागली. किल्ली फिरवली की कधी इंजिन झोकात सुरू, तर कधी नुसतंच 'टक्'. रोज बंद पडणारी गाडी परवडली; तिचा निदान स्वभाव कळतो. ही कधीकधीची भानगड वाईट. मेकॅनिक आला की तपासनीस साहेब वर्गात आल्यावर मुलं जशी हाताची घडी घालून बसतात, तशी ही बसणार. पहिल्या झटक्यात चालू! मेकॅनिक माझ्याकडे असा बघायचा, की डॉक्टरची गरज गाडीला नसून मला आहे.

मग तत्त्वज्ञान सुरू झालं. पहिला म्हणाला, "बॅटरी बदलून टाका, साहेब." टाकली. पंधरा दिवस ठीक. दुसरा म्हणाला, "सेल्फ गेलाय." तो बदलला. महिनाभर ठीक. तिसऱ्याने किल्लीचा स्विच बदलला. अण्णा मधेच म्हणाले, "अरे, चोकची तार हाताला गरम लागते." सगळे हसले. चोकची तार म्हणजे साधी ओढायची तार. तिच्यात वीजच नसते. म्हातारपणी हाताला काय वाटेल ते लागतं, असं मीही मनात म्हणालो. (हे वाक्य मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही.)

आता कुणी म्हणेल, बदलल्यावर पंधरा दिवस ठीक होती ना? तिथेच तर मेख आहे! नवी बॅटरी ताज्या दमाची. वाईट वाटेनेही चार दिवस ढकलून नेते. सेल्फ काढता-घालताना सगळं इंजिन हलतं, एखादा सैल जोड योगायोगाने नीट बसतो. श्रेय सेल्फला. बिल मला.

मी बी.कॉम. विजेतलं मला काही कळत नाही, पण न जुळणारा हिशेब मला कळतो. तेरजेत फरक आला आणि त्याला नवाने भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटसुलट पडल्याचा वहीम घ्यायचा, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. 54 चे 45 झाले असतील! म्हणजे फरकालाही चेहरा असतो. तो ओळखायचा असतो. संध्याकाळी कॅश पन्नास रुपयांनी कमी भरली, तर खिशातले पन्नास टाकून मोकळा होणारा कॅशियर चांगला नव्हे, धोकेबाज. बदलून टाका म्हणणारा मेकॅनिक हाच कॅशियर, फक्त खिसा माझा. आणि कॅश जास्त निघाली तर शहाणा कॅशियर अधिक घाबरतो. गाडी आपोआप सुरू झाली की आम्ही मात्र पेढे वाटतो.

भाचा चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "मामा, हिला स्कॅनर लावायची सोयच नाही. आमच्या गाड्या बिघाडाचा कोड देतात." मी म्हटलं, "मग नेमका बिघाड कळतो?" तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "कोणत्या वाटेवर आहे ते कळतं. वायर गंजली की सेन्सर गेला, ते शोधावंच लागतं. पण बरेच जण सेन्सरच बदलतात." म्हणजे फिर्याद संगणकाने लिहून घेतली, तरी फाशी निरपराध्यालाच.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण श्रावणात एका रात्री दोन वाजता अण्णांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना धरून खाली आणलं, मागच्या सीटवर निजवलं, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बायको अनवाणी पावसात धावली आणि तिने रिक्षा आणली. दवाखान्यात निदान निघालं पित्ताचं. सकाळी घरी येताना अण्णा रिक्षातूनच म्हणाले, "विकून टाक रे ती." आयुष्यात त्यांनी गाडीबद्दल असं वाक्य उच्चारलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी चारशे रुपयांचा मीटर आणला. अण्णांना स्टिअरिंगवर बसवलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी गाडीच्या पत्र्यावर. "मारा सेल्फ!" काटा जवळजवळ हललाच नाही. म्हणजे तिथपर्यंत हिशेब बरोबर. मग दुसरी पिन इंजिनच्या अंगावर. "मारा!" टक्. काटा पाच व्होल्टवर! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. फरक सापडला : पत्रा आणि इंजिन यांच्या मधे.

तिथे एक विणलेली पट्टी असते. इंजिन रबरावर बसलेलं. सेल्फने घेतलेल्या शंभराहून अधिक अँपियरना परत जायचा रस्ता तीच. तिला म्हणतात अर्थ. (बी.कॉम.ला मी अर्थशास्त्र घेतलं होतं. हा अर्थ अभ्यासक्रमात नव्हता.) रंगाऱ्याने तिच्या बोल्टखालीसुद्धा सुरेख रंग मारला होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी जाईल तेवढी जायची, हादऱ्याने कधी जास्त, कधी कमी. उरलेली बिचारी मिळेल त्या आडवाटेने परतायची. त्यातली एक वाट म्हणजे चोकची तार.

मी खाली गाडीखालून ओरडलो, "अण्णा, तार गरम लागायची म्हणालात ना?"

वरून उत्तर आलं, "आठ महिन्यांपूर्वी."

पाच रुपयांचा पॉलिश पेपर लागला. गाडीला नंतर किल्ली दाखवायचा अवकाश.

मग जुना सेल्फ परत मागायला त्या मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, तो बिघडलेला नव्हताच. तो अजिबात रागावला नाही. म्हणाला, "ठाऊक आहे की, साहेब. लगेच दुसऱ्या फियाटला बसवला. एकदम नंबर एक चालतोय."