यंत्रकाराची प्रतिभा

मराठी वाङ्मयचर्चेत एक समजूत इतकी रुळली आहे की, तिला कोणी पुरावा मागत नाही आणि मांडणारासही तो द्यावासा वाटत नाही. ती समजूत अशी: प्रतिभा ही कवीची, नाटककाराची, फार तर चित्रकाराची व गवयाची, यंत्रकाराजवळ असते ती केवळ हिशेबी बुद्धी. पहिला निर्माण करतो, दुसरा जुळवतो. या समजुतीस आमचा विरोध आहे. आणि तो आम्ही मोघम शब्दांनी न करता एका यंत्राच्या साक्षीने करणार आहोत. १९६९ ते १९७२ या काळात सहा वेळा मिळून बारा माणसांना चंद्रावर उतरवून पुन्हा वर आणणारे अमेरिकेचे ‘लूनर मॉड्यूल’ नावाचे अवतरणयान, हे ते यंत्र होय.

दशक संपण्यापूर्वी मनुष्य चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणावा, हा संकल्प प्रेसिडेंट केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकन काँग्रेसपुढे मांडला. त्या वेळी बहुतेक तज्ज्ञांच्या मनातले चित्र सामान्य माणसाच्या चित्राहून फारसे निराळे नव्हते. एक भले मोठे यान असावे, ते सबंध चंद्रावर उतरावे आणि त्यातूनच माणसांनी थेट पृथ्वी गाठावी. ते एकाच प्रचंड अग्निबाणाने पाठवावे की पृथ्वीभोवती तुकड्यांनी जुळवून मग पाठवावे, एवढाच काय तो मतभेद. लँग्ली येथील संशोधनसंस्थेतील जॉन हूबोल्ट या इंजिनियराचे म्हणणे निराळेच होते. परतीचे यान चंद्राभोवती फिरत ठेवावे, एक लहानशी होडी तेवढी खाली सोडावी, आणि काम होताच तिने वर येऊन त्या यानाला गाठावे. हा विचार सर्वांच्या आधी त्यालाच सुचला असे नव्हे. पण हट्टाने लावून धरला तो त्याने. वरिष्ठांची पायरी ओलांडून नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने ‘नासा’चे एक श्रेष्ठ अधिकारी रॉबर्ट सीमन्स यांस पत्र लिहिले. जुलै १९६२ मध्ये त्याचाच मार्ग मान्य झाला.

आता आम्ही विचारतो, यात हिशेब कोठे संपला आणि कल्पना कोठे सुरू झाली? गड चढणारा मनुष्य परतीची शिदोरी पायथ्याशी ठेवून जातो. जी वस्तू वर लागणारच नाही ती वर का न्यावी, एवढाच हा विचार. परंतु तो सुचण्यासाठी ‘यान’ या शब्दाचा रूढ अर्थच मोडावा लागला. आमच्या साहित्यशास्त्राने नवे रूप सुचण्याच्या सामर्थ्यालाच प्रतिभा म्हटले आहे. ते सामर्थ्य शब्दांत प्रगट झाले तर प्रतिभा, आणि धातूत प्रगट झाले तर कारागिरी, हा न्याय कोणता?

लाँग आयलंडवरील बेथपेज येथील ग्रमन कंपनीकडे नोव्हेंबर १९६२ मध्ये हे काम आले आणि टॉमस केली हा त्याचा प्रमुख इंजिनियर झाला. या होडीला पृथ्वीच्या हवेत परत शिरावयाचे नव्हते. चंद्रावर वारा नाही. म्हणून निमुळते नाक नको, पंख नकोत, तुळतुळीत अंगही नको. जेथे जे लागेल तेथे ते लावावे. यामुळे ते चार पायांच्या एखाद्या किड्यासारखे बेढब दिसू लागले, आणि कित्येक रसिकांनी त्याच्या कुरूपतेवर विनोद केले. त्यांना आम्ही क्षेमेंद्राची आठवण देतो. औचित्य हेच काव्याचे जीवित, असे अकराव्या शतकात सांगणारा हा काश्मिरी पंडित ते यान पाहता तर त्यास कुरूप म्हणता ना. त्याच्या अंगावर शोभेसाठी एकही रेषा नाही.

वजनाशी झालेले झुंज तर सुभाषितकारानेही अभ्यासावे असे आहे. यानाचे एकंदर वजन सुमारे पंधरा टन. त्यातील दोनतृतीयांशाहून अधिक भाग इंधनद्रव्यांचाच. खाली नेलेला प्रत्येक शेर आणखी इंधन मागणार, आणि ते इंधन वाहण्यास पुन्हा इंधन. आरंभी यानात बसण्यास आसने होती आणि बाहेर पाहण्यास मोठ्या काचा. पुढे कोणी तरी विचारले, बसावयाचे कशाला? चंद्रावर वजन एकषष्ठांश; माणूस सुखाने उभा राहील. आसने गेली. उभ्या माणसाचा डोळा काचेच्या अगदी जवळ येतो. म्हणून मोठ्या काचाही गेल्या आणि त्यांच्या जागी दोन लहान त्रिकोणी खिडक्या आल्या. एक शब्द खोडताच त्याच्या आधाराने उभे असलेले चार शब्द निरर्थक ठरावेत, तसे हे झाले. भिंतींचा पत्रा तर काही ठिकाणी सुमारे ०.३ मिलिमीटर इतका पातळ केला. आमच्या कित्येक कादंबरीकारांना असा एक तरी केली भेटावयास हवा होता!

चंद्रावरून वर उठविणारे इंजिन एकच होते. ते चालले नाही तर दोन माणसे तेथेच मरणार. दुसरे इंजिन नेण्यास वजन परवानगी देईना. तेव्हा बिघडण्याजोगे जे जे होते ते ते काढून टाकले. पंप नाही; हेलियम वायूच्या दाबाने द्रव पुढे रेटले जात. ठिणगी पाडण्याची योजना नाही. ती दोन द्रवे एकमेकांस भेटताच पेटत. द्रवे सोडणाऱ्या झडपा मात्र दुहेरी ठेवल्या. काय टाकावे आणि काय दुहेरी ठेवावे, हा विवेक कोष्टकांतून आपोआप निघत नाही. तेथे मरणाऱ्या माणसाची कल्पना डोळ्यांपुढे असावी लागते; परदुःखाची अशी जाणीव हाच वाङ्मयाचाही आरंभ, असे आपण म्हणत आलो आहोत.

‘हा सारा पैशाचा चमत्कार,’ असा एक आक्षेप येतो. पैसा अफाट लागला, हे खरेच; दोन राष्ट्रांच्या ईर्ष्येतून तो मिळाला, हेही खरे; आणि तो अन्यत्र खर्चावयास हवा होता की काय, हा प्रश्न रास्त आहे. पण तो निराळा प्रश्न आहे. सारे यान खाली नेण्याचा जो मार्ग टाकला गेला, तोच नुसत्या बळाचा व पैशाचा मार्ग होता.

दुसरा आक्षेप असा की, हजारो हातांनी घडलेली वस्तू ही कोणा एकाच्या प्रतिभेची कृती नव्हे. मग वेरूळचे कैलास लेणे कोणा एकाचे आहे काय? तेथेही नको तो पाषाण काढून टाकूनच रूप प्रगट झाले. तेथील शिल्पींची नावे ठाऊक नाहीत म्हणून त्यास कोणी हिशेबी काम म्हणत नाही.

थोर कृती कर्त्याच्या हेतूपलीकडेही अर्थ देते, असे आपण म्हणतो. १३ एप्रिल १९७० रोजी अपोलो १३ च्या मूळ यानातील प्राणवायूची टाकी फुटली. तेव्हा दोन माणसांस सुमारे दोन दिवस पुरावे म्हणून बांधलेल्या अवतरणयानाने तीन माणसांस जवळजवळ चार दिवस जगविले, आणि १७ एप्रिल रोजी ती सुखरूप परतली.

हा वाद कोणी दूर देशाचा समजू नये. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपला ‘विक्रम’ चंद्रावर आदळला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरा ‘विक्रम’ नीट उतरला. त्यात माणूस नव्हता, पण धडा तोच होता. मधल्या चार वर्षांत पाय बळकट केले, इंधन वाढविले, आणि पाच इंजिनांपैकी मधले एक काढून टाकले. त्या यशाचे आपण पेढे वाटले, पोवाडे गाइले. पण ते पाचवे इंजिन का काढले, हे आपल्या किती वाङ्मयीन मासिकांनी विचारले? २०४० पर्यंत भारतीय मनुष्य चंद्रावर उतरविण्याचा संकल्प सरकारने २०२३ मध्ये जाहीर केला आहे. तो सिद्धीस जावो वा न जावो, त्याच्यासाठी झिजणाऱ्या बुद्धीचे वर्णन करण्यास मराठीत जयघोषावाचून शब्द नसतील तर दोष यंत्रशास्त्राचा नव्हे, आपला आहे.

सर्वच यंत्रकार प्रतिभावान असतात, असे आमचे म्हणणे नाही. सर्वच कवी तरी कोठे असतात? आमचे मागणे एवढेच की, कसोटी दोघांस एकच लावावी. ज्या टीकाकाराला चार ओळींच्या कवितेतील एका शब्दाचे औचित्य तासभर सांगता येते, त्याने एकदा त्या त्रिकोणी खिडकीपुढेही तितकाच वेळ उभे राहावे, आणि मग प्रतिभा कोणाची याचा निकाल द्यावा.