लोकांना नेहमीचंच लागतं, म्हणे!

परवा मीटिंगमध्ये ते वाक्य पुन्हा ऐकलं. "प्रयोग वगैरे ठीक आहे रे, पण लोकांना नेहमीचंच लागतं." दोन वीकेंड घालून केलेलं माझं टूल पाच मिनिटांत निकालात निघालं. डोकंच फिरलं. घरी येऊन हेडफोन लावला आणि पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' सुरू केला.

आता मला सांगा, यात "नेहमीचं" काय आहे? सुरुवातीला हृदयाचे ठोके. एका तुकड्यात गाणंच नाही, नुसता सिंथेसायझर सुसाट धावतोय. एका ठिकाणी गायिका शब्दांशिवाय, निव्वळ स्वरांत आक्रोश करते. 'मनी' सुरू होतं ते नाण्यांच्या, फाटणाऱ्या कागदाच्या आणि गल्ल्याच्या आवाजाने. टेपचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, चिकटवलेले! त्यात मोजणी सातची, आपल्या रूपकासारखी. रॉकवाल्यांचे पाय चारावर हलायची सवय.

हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत बिलबोर्डच्या यादीत तब्बल ७४१ आठवडे होता. जगभरात चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. नेहमीचंच लागतं, म्हणे!

पण थांबा. "अस्सल माल आपोआप खपतो" हे आमच्यासारख्यांचं तुणतुणंही तितकंच खोटं आहे. अल्बम बाजारात येण्याआधी वर्षभर ही मंडळी तो स्टेजवर वाजवत होती. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला 'मनी'च्या वेळी टेपने दगा दिला आणि प्रयोग अर्धवट सोडावा लागला. भर प्रेक्षकांत डेमो क्रॅश! तरी वाजवत राहिले, बदलत राहिले, ॲबी रोड स्टुडिओत महिनोन्महिने घासत राहिले. आणि अमेरिकेत जोर लावला तो कॅपिटल रेकॉर्ड्सच्या भास्कर मेनन यांनी. हो, आपल्या केरळचा माणूस. तोवर तिथे फ्लॉइडला मोठं यश मिळालेलं नव्हतं.

म्हणजे प्रयोग खपतो, पण त्याला वर्षभर घासणारे हात लागतात आणि पाठीशी उभा राहणारा एक साहेब लागतो. "लोकांना" हा शब्द ढालीसारखा पुढे करणारे साहेब यातलं काहीच करत नाहीत. लोकांना विचारतं कोण? विचारायच्या आधीच उत्तर ठरलेलं असतं.

आणि मी? दोन वीकेंड. एका डेमोत हिरमुसलो. असो. या शनिवारी टूल पुन्हा उघडतोय. साहेब मिळेल तेव्हा मिळेल, घासणं तरी माझ्या हातात आहे.